शिंगाड्याची फळी

देवरावकाकांच्या घरी गेलं की आधी चपला काढायच्या आणि मग आवाज बंद करायचा. 'जय भीम, काका' हेसुद्धा पुटपुटायचं. जरा मोठ्यानं बोललात की ओठांवर बोट ठेवून ते खेकसतात, "गप राहा ना मास्तर! हवा चोरी होऊन राह्यली."

चोरी होते ती मधल्या खोलीतल्या टेबलावर. काका मंगरूळपीरचे जुने फ्रिज मेकॅनिक. साठी उलटल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि एका मेलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर घरी आणून हवा ओढायच्या कामाला लावला. थर्माकोलची फळी कापायची, तिच्यावर इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे वाळून दगडासारख्या होणाऱ्या डिंकात, भिजवलेलं काचेच्या धाग्यांचं कापड चढवायचं, सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कडा काळ्या चिकट पट्टीनं बंद करायच्या आणि आतली हवा ओढून घ्यायची. पिशवी अशी आवळून बसते की कापड फळीला घट्ट चिकटतं. कुठं टाचणीएवढं भोक राहिलं, तर बारीक फुसफुस होते. ती ऐकायला काका पंखा, टीव्ही, कुकर आणि काकू, सगळं बंद करतात.

"मानूस असो का फळी, आतली हवा काढल्याबिगर पक्की होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या वॉर्डाच्या मेंबरलाही त्यांनी ते तोंडावर ऐकवलंय.

सुमनकाकूंचं दुःख वेगळं. पिशवी चिकटू नये म्हणून कापडावर नायलॉनचा थर लागतो, तो नंतर सोलून काढायचा. "माया तीन साड्या सोलल्या या मानसानं," त्या सांगतात. "आन् गोधडी बी कापली. काहून? तं म्हने, जादा रेझिन पेते ते!"

हा उद्योग सुरू झाला शांताबाईंमुळे. त्या दर हिवाळ्यात आमच्या गल्लीत शिंगाडे विकायला येतात. तलावात टायरच्या हवा भरलेल्या ट्यूबवर पोट टेकून वेल उचलायचे आणि शिंगाडे तोडायचे, असं त्यांचं काम. पण शिंगाड्याला काटे. ट्यूब मधेच फुटते. हे त्यांनी एकदा हसत सांगितलं. काका हसले नाहीत. "काटा घुसनार नाही अशी फळी देतो तुमाले," म्हणून बसले.

आणि दिलीही. आठ दिवसांनी शांताबाई ती डोक्यावर घेऊन परत आल्या. एका कडेचं कापड सुटलं होतं, आत पाणी शिरून फळी ऐन तलावात कलंडली होती. "पडली मी धपकन," त्या म्हणाल्या. "पोहता येते म्हनून बरं."

काका सुटलेल्या कडेवर बोट फिरवत राहिले. शांताबाई गेल्यावर मला म्हणाले, "मास्तर, तवा फुसफुस झाली असन. मलेच ऐकू नाही आली. डावा कान गेला माया, उजवा बी जाऊन राह्यला. हिले सांगू नका."

काकूंना सांगायची गरजच नव्हती. दुसऱ्या फळीच्या वेळी काका नुसत्या हातानं पिशवी चाचपत होते. काकू कणकेचे हात धुऊन आल्या, पदर खोचून वाकल्या आणि प्लास्टिकला कान लावत टेबलाभोवती फिरल्या. एका कोपऱ्यात थांबल्या. "इथं हाय." काकांनी तिथं पट्टी दाबली.

रविवारी मी काकांना फळीसकट आसेगावकडच्या तलावावर नेलं. शांताबाई फळीला हात घालणार, तोच काकांनी शर्ट काढला. "पयले मी."

त्यांना पोहता येत नाही. "काका, कायले?" मी विचारलं.

"आपल्या कामाची तपासनी दुसऱ्याच्या जिवावर कायले करायची?"

ते फळीवर पालथे झोपले, दोन्ही हातांनी तिला कवटाळलं आणि डोळे गच्च मिटले. शांताबाई गळ्याइतक्या पाण्यातून फळी ढकलत निघाल्या. फळी कलंडली नाही. पण वेलांच्या मधोमध पोचल्यावर काका एवढ्यानं ओरडले की काठावरचे बगळे उडाले.

"बाई, सोडू नका मले!"

"नाही सोडत, दादा," शांताबाई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या. "डोये तं उघडा."

बऱ्याच वेळानं त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. पाण्याकडे पाहत राहिले. आणि फळीवरचा एक हात सोडून त्यांनी तो अलगद पाण्यात बुडवला.