चोपन्न अंश, आठ तास

रविवारी दुपारी पावणेचार वाजता तिने फळं सुकवायच्या यंत्राचं दार उघडलं, तेव्हा तिला दोन गोष्टी दिसल्या. एक, मधल्या जाळीवरच्या टेपच्या रिळाच्या वर आणि खाली सफरचंदाच्या चकत्या ओळीने मांडलेल्या होत्या. दोन, तापमानाचा आकडा सत्तर होता. तो चोपन्न असायला हवा होता.

ती ध्वनिसंग्रहालयात तंत्रज्ञ होती आणि आरडाओरडा करणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने आधी यंत्र बंद केलं. मग शेजारच्या वहीत वेळ लिहिली, पुढे '७०' लिहिलं आणि 'कारण' या रकान्यापाशी थांबली. वहीत सकाळी आठपासून दर पाव तासाची नोंद होती. फक्त तीननंतरच्या नोंदी नव्हत्या, कारण तीन वाजता तिचा डोळा लागला होता.

"आई, सफरचंदं तुम्ही ठेवलीत?"

"नाही, शेजारीण ठेवून गेली," सासूबाई वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाल्या. "अगं, चालू यंत्रात दोन जाळ्या रिकाम्या! बघवेना मला."

"आणि सत्तर कोणी केलं?"

"मला काय माहीत? मी बटणाला हातसुद्धा लावला नाही."

"चोपन्न होतं, आई."

"चोपन्नावर सफरचंद कधी सुकतं का?" सासूबाई फणकारल्या, आणि मग जरा घाईने म्हणाल्या, "म्हणजे, असं आपलं ऐकलंय मी."

टेप साधीसुधी नव्हती. एकेकाळी जाझ वाजवणाऱ्या तिघांचा एक संच होता: एक पियानोवर, एक ड्रमवर आणि एक बासवर, म्हणजे माणसाहून उंच अशा, उभ्याने वाजवायच्या तंतुवाद्यावर. नऊ वर्षांत त्यांच्या अकरा रेकॉर्ड निघाल्या. आजही पियानोवर जाझ वाजवू पाहणारा प्रत्येक जण आधी त्या अकरा रेकॉर्ड झिजवतो. बारावी मात्र कधी निघालीच नाही. ती ध्वनिमुद्रित झाली, त्याच दिवशी तिघांनी एकदा ऐकली, आणि शेवटच्या तुकड्यात लय ढिली पडल्याचं तिघांच्याही लक्षात आलं. पियानोवाले ड्रमवाल्यांना म्हणाले, "तू ढिली केलीस." ड्रमवाले म्हणाले, "तू." संच तिथेच मोडला. टेप पियानोवाल्यांच्या कपाटात गेली आणि दोघं पुढची चाळीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. बासवाले तेव्हाही काही बोलले नव्हते. ते एका रविवारी एकाकडे, पुढच्या रविवारी दुसऱ्याकडे जात. या समंजसपणामुळे सगळे त्यांना मौनी म्हणत.

गेल्या वर्षी पियानोवाले वारले. त्यांच्या मुलीने टेप संग्रहालयाला दिली आणि तिथल्या साहेबांनी बारा रेकॉर्डींचा समग्र संच काढायचं ठरवलं. ड्रमवाल्यांची एकच अट होती. ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते. टेप त्यांना आधी ऐकवायची. लय कोणी ढिली केली, एवढं त्यांना जाण्याआधी कळायला हवं होतं.

अशा जुन्या टेपवरचा डिंक हवेतली ओल पितो आणि चिकट होतो. तशीच वाजवली, तर आवाजाचा थर खरवडून निघतो. चोपन्न अंशांवर आठ तास शेकली, की ओल निघून जाते. संग्रहालयाची भट्टी नेमकी बिघडली होती. घरी सासूबाईंचं यंत्र होतं. संग्रहालयाचा नियम होता, की टेप इमारतीबाहेर जाणार नाही. सासूबाईंचा नियम होता, की यंत्र घराबाहेर जाणार नाही. दोन्ही नियमांचा शांतपणे विचार करून तिने त्यातल्या त्यात सोपा नियम मोडला.

सोमवारी संग्रहालयात तिने टेप वाजवायच्या यंत्रावर चढवली. थर शाबूत होता. पण सत्तर अंशांच्या आसपास टेपचं प्लास्टिक मऊ पडतं, आणि घट्ट गुंडाळलेली टेप तापल्या बाजूने ताणली गेली होती. रीळ फिरेल तसा सूर खाली घसरे आणि पुन्हा वर येई. पियानो जणू होडीत ठेवला होता. ड्रम किनाऱ्यावर होते असंही नव्हतं. तेही होडीतच होते.

गुरुवारी दोन्ही म्हातारे आले. ड्रमवाल्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. बासवाल्यांनी दारापाशीच विचारलं, "आज झालंच पाहिजे का हे? पुन्हा केव्हातरी..."

"गप रे," ड्रमवाले म्हणाले. ते बासवाल्यांना नेहमी एवढंच म्हणत.

टेप सुरू झाली. पाच मिनिटांनी ड्रमवाल्यांनी हात वर केला. "हे काय आहे, बाई? इथे सगळ्यांचीच लय झिंगलीये."

ती उभी राहिली आणि जे झालं ते क्रमाने सांगितलं: भट्टी, नियम, यंत्र, झोप, सफरचंदं, सत्तर.

"घरी?" साहेब खुर्चीत बसले. ते आधी बसलेलेच होते, पण आणखी बसले. "इमारतीबाहेर? सफरचंदांबरोबर? लेखी खुलासा द्या. उद्या."

ड्रमवाले चष्मा काढून पुसत बसले. ते रागावले असते, तर तिला बरं वाटलं असतं.

बोलले ते बासवाले. "अगं पोरी, जाऊ दे. सफरचंदं कोणाच्या घरी सुकत नाहीत? अपघात तो अपघात. जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार आहे? साहेब, हिला काही बोलू नका. टेप खराब झाली, संपलं. चला, चहा घेऊ."

ड्रमवाल्यांनी चष्मा लावून त्यांच्याकडे पाहिलं. "मौनी, दहा वर्षांत तू एवढं बोलला नव्हतास."

"वाईट वाटलं मला तिचं."

वाईट तिलाही वाटत होतं, पण तिचं डोकं दुसरीकडे होतं. टेप वाजताना मागे एक बारीक गुणगुण ऐकू येत होती, आणि सुराबरोबर तीही वरखाली होत होती. विजेवर चालणारी जुनी यंत्रं अशी गुणगुणतात, आणि ठराविक वेगानेच गुणगुणतात. म्हणजे एक्केचाळीस वर्षांपूर्वी, कोणाच्याही नकळत, त्या टेपवर एक घड्याळ छापलं गेलं होतं.

"मला एक आठवडा द्या," ती म्हणाली. "जिथे गुणगुण घसरते, तिथे टेप ताणलेली आहे. गुणगुण सरळ केली, की गाणं सरळ होईल."

"कशाला एवढा त्रास घेतेस?" बासवाले म्हणाले. "डोळे बिघडतील."

आठवडाभर ती संगणकापुढे बसून गुणगुण सरळ करत होती. टेपवर पियानो, बास आणि ड्रम वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, होते, आणि गुणगुण सगळ्यात स्वच्छ होती बासच्या पट्टीवर. बुधवारी संध्याकाळी काम संपलं. तिने प्रत्येक ठोक्याची वेळ मोजली, पुन्हा मोजली, आणि मग बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

गुरुवारी ती निघताना सासूबाईंनी हातात एक डबा दिला. "त्या म्हाताऱ्यांना दे. चांगली सुकलीयेत."

"आई, त्याच चकत्या आहेत ना या?"

"मग? टाकून द्यायच्या?"

संग्रहालयात सगळे जमले आणि टेप वाजली. कुठेही होडी नव्हती. शेवटच्या तुकड्यात मात्र लय हळूच ढिली पडली; एक्केचाळीस वर्षांपूर्वी पडली होती, अगदी तशीच.

"ऐकलंस?" ड्रमवाले पुढे झुकले. "हा पियानो. पियानोच मागे पडतोय. की मी? सांगा बाई, कोण?"

तिला नाव घ्यायचं नव्हतं. तिने कागदावरचे आकडे वाचून दाखवले. "नव्वदाव्या आवर्तनापर्यंत तिघंही बरोबर आहेत. एक्क्याण्णवाव्यात बास तीस मिलिसेकंद मागे. ब्याण्णवाव्यात साठ. त्र्याण्णवाव्यात पियानो बाससाठी थांबतो. चौऱ्याण्णवाव्यात ड्रम पियानोसाठी थांबतात."

खोलीत फक्त चावण्याचा आवाज येत होता. बासवाले सफरचंदाची चकती चावत होते. एकच चकती, बराच वेळ.

"मौनी," ड्रमवाले म्हणाले.

बासवाल्यांनी घास गिळला. "पायात गोळा आला होता."

"काय?"

"डाव्या पोटरीत. तुम्ही दोघं बसून वाजवायचात. मी उभा."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस ना रे, गाढवा!"

"सांगणारच होतो. पण तुम्ही दोघं इतके बोलत होतात, की मला मधे शिरायला जागाच मिळेना."

"एक्केचाळीस वर्षं?"

"दर रविवारी बघत होतो. तू एकदा बोलायला लागलास की थांबतोस कुठे? तोही तसलाच होता."

ड्रमवाल्यांनी तोंड उघडलं, बहुधा थांबत नाही हे सिद्ध करायला, आणि मिटलं. मग तिला म्हणाले, "नुसता पियानो लावा, बाई. शेवटचा तुकडा."

तिने लावला. एकटा पियानो ऐकताना त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ठोके देत होती. त्र्याण्णवाव्या आवर्तनाला बोटं हवेतच थांबली आणि पियानोबरोबर खाली आली.

"थांबला होता तो," ड्रमवाले म्हणाले. "मागे राहिलेल्यासाठी थांबला होता. आणि मी त्याला काय काय बोललो." मग त्यांनी बासवाल्यांच्या मांडीवरचा डबा उचलला. "आण इकडे. सगळी तूच खाणार का?"

साहेबांनी तिला बाजूला घेतलं. खुलाशाचा कागद त्यांच्या हातात होता. "बारावी काढू आपण. हे फायलीला लावतो. फक्त नव्याने लिहून द्या, आणि सफरचंदं वगळा."

संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग रिकामा डबा धुवायला घेत, पाठमोऱ्या म्हणाल्या, "बटण मीच फिरवलं होतं."

"आई! मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगणार होते. पण तू एकटीच बोलत होतीस."

ती त्या रविवारी एकंदर तीन वाक्यं बोलली होती. हे तिने सांगितलं नाही. कपाटातून वही काढली आणि 'कारण'च्या रिकाम्या रकान्यात कारण लिहून टाकलं.