आप्पासाहेबांच्या मोकळ्या मात्रा

“आप्पासाहेब, तुम्ही जिथे वाजवत नाही ना, तिथे खरे कलाकार आहात,” सुश्रुत सर म्हणाले आणि त्यांनी दोनशे पानी वही ओसरीवर उघडली.

आप्पासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवलेल्या माणसाला ही स्तुती म्हणायची की टोमणा, ते चटकन उमगेना.

सुश्रुत सर श्रीगोंद्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत. पस्तिशीत त्यांनी हौसेनं सॅक्सोफोन घेतला आणि वाजवायचं काय, तर जॅझ-फंक नावाचं अमेरिकन संगीत. असं काही जगात असतं याची खबर तालुक्यात एकट्या सरांनाच होती, तेव्हा गुरू कुठून मिळणार? मग त्यांनी इंटरनेटवरून परदेशी वादकांचे सोलो, म्हणजे एकट्यानं वाजवलेले तुकडे, उतरवलेले कागद मिळवले. सूर, मात्रा, कुठे थांबायचं, सगळं त्यावर छापलेलं. सरांनी ते सहा महिने इमानेइतबारे वाजवले. ऐकणाऱ्याला वाटे, कुणीतरी विजेचं बिल मोठ्यानं वाचतंय.

अशात एका सहकाऱ्याच्या लग्नात ते परण्याला गेले. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात तो. मागे ढोलाचा डुलता ठेका, आणि त्यावर आप्पासाहेब चार सूर बोलत, गप्प होत, मग ठेक्याच्या किंचित मागून पुन्हा तोंड उघडत. सर ऊन विसरून तिथेच उभे राहिले. सहा महिने जे ते कागदात शोधत होते ते मारुतीच्या पारापुढे घामाघूम होऊन उभं होतं. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, सोलो उतरवायचे तर याच माणसाचे. गावोगावच्या लोकांकडून लग्नाच्या शूटिंगच्या सीड्या मागून आणल्या आणि वर्षभर खपून वही भरली.

“हे बघा,” सर पानं उलटत म्हणाले. “दोन हजार बारा, काष्टी. सलग वाजवताय, थांबणं जवळजवळ नाहीच. चौदा साल, मांडवगण. दर दोन ओळींनी दोन मात्रा मोकळ्या. सतरा साली बेलवंडीत चार. आणि गेल्या वर्षी पारगावला तब्बल सात! माणूस वयाबरोबर कसा मुरत जातो, त्याचा हा लेखी पुरावा आहे.”

“इस्टाईल हाय ती आपली,” आप्पासाहेब घाईघाईनं म्हणाले. “द्या हिकडं ती वही.”

पण तोवर त्यांच्या पत्नी आक्काबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना सॅक्सोफोनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कुठलं लग्न कधी झालं हे मात्र तोंडपाठ होतं.

“कुठलं म्हनला सर? मांडवगन? चौदा साल?”

“हो, मे महिना.”

“त्या लग्नावरनं आले न् दोन दिस पडून हुते. म्हनले, ऊन लागलं. बेलवंडीवरनं आले तवा म्हनले, नाकात धूळ गेली. आनि ही इस्टाईल व्हय?” आक्काबाईंचा आवाज चढला. “आवो, दम लागत हुता तुमाला!”

“काय बी बोलू नको.”

“मंग काष्टीचं वाजवून दाखवा. न थांबता.”

आप्पासाहेब ताठ मानेनं उठले. खुंटीवरचा सॅक्सोफोन उतरवून त्यांनी काष्टीची पहिली ओळ वाजवली, झकास वाजवली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर थांबले आणि भिंत धरली. मास्तर माणसाची सवय वाईट. सरांनी बोटांवर मात्रा मोजल्या.

“अकरा,” त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच त्यांना आपली जीभ चावावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी तिघं नगरला गेले. सरांना आक्काबाईंनी साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं होतं. छातीच्या डॉक्टर सुनीतीबाईंनी विचारलं, “दम किती दिवसांपासून लागतो?”

“ह्येच, दोन म्हैने,” आप्पासाहेब म्हणाले.

आक्काबाईंनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. “चौदा सालापासनं. सर, दावा त्यांना.”

सर उभे राहिले आणि वर्गात शिकवावं तसं त्यांनी काष्टी ते पारगाव समजावून सांगितलं. सांगताना ‘फ्रेझिंग’, म्हणजे ओळ कुठे तोडायची याची समज, हा शब्द दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो अर्ध्यावर सोडला. डॉक्टरांना आधी हसू आवरेना. “असा रेकॉर्ड माझा एकही पेशंट ठेवत नाही,” त्या म्हणाल्या. मग एक्स-रे, फुंकायच्या मशीनवरची तपासणी झाली, आणि ते कागद हातात आल्यावर त्यांचं हसू गेलं. फुप्फुसं बरीचशी निकामी झाली होती. मांडवगणच्या वेळीच आले असते तर सांभाळता आलं असतं, असं त्या म्हणाल्या. आता वाजवणं कायमचं बंद, आणि घरी ऑक्सिजनचं मशीन.

परतीच्या एसटीत आक्काबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. आप्पासाहेब चिडले असते तर सरांना बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत.

“मला म्हाईत हुतं, सर,” ते हळूच म्हणाले. “डाक्टरकडं गेलं की म्हननार, वाजवू नका. म्हनून गेलो न्हाई. धा वर्सं काढली की वाजवून.” थोड्या वेळानं म्हणाले, “तुमी लिव्हता मातर चांगलं. एक मात्रा सोडली न्हाई.”

सर खिडकीकडे तोंड फिरवून मुकाट्यानं रडले. शिकायला गेले होते आणि गुरूचंच वाजवणं बंद करून आले होते.

त्यानंतर महिनाभर सर आप्पासाहेबांच्या घराकडे फिरकले नाहीत. शेवटी आक्काबाईंचाच फोन आला.

“सर, हे बोलतच न्हाईत कुनाशी. नुसते भिताडाकडं बघत बसत्यात. तुमी या न् काय तरी वाजवा.”

सर तयारी करून गेले. पारगावचा सोलो त्यांनी नव्यानं लिहिला होता आणि त्यातल्या सगळ्या मोकळ्या जागा स्वतःच्या सुरांनी भरून टाकल्या होत्या. आजाराची एकही खूण आप्पासाहेबांच्या कानावर पडायला नको, एवढाच त्यांचा हेतू होता. आप्पासाहेब नाकात नळी घालून खाटेवर बसले होते. सरांनी पहिली ओळ वाजवली, दुसरी वाजवली, आणि तिसरीकडे वळताच आप्पासाहेबांनी हात वर केला.

“तितं थांबायचं हाय.”

“पण आप्पासाहेब, तिथे तर तुम्हाला दम...”

“लागला हुता. म्हनून तर थांबलो. पन ढोल थांबला हुता का? लोक नाचायचं थांबलं हुतं का? मी उभा राहून बघायचो, आपन गप बसलो तरी परन्या आपला चाललाय पुढं. भ्या वाटायचं आदी. मंग बरं वाटाया लागलं.” एवढं बोलून त्यांना धाप लागली. ती ओसरेपर्यंत त्यांनी सरांना बोटानं बजावलं, थांबा. मग म्हणाले, “जसं हाय तसं वाजवा.”

सरांनी पुन्हा सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि ते थांबले. एक मात्रा, दोन, तीन, चार. पाचव्या मात्रेला स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला आणि आक्काबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. सरांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्या आप्पासाहेबांच्या छातीकडे बघत होत्या.

“अगं, मी न्हाई,” आप्पासाहेब म्हणाले. “सर थांबल्यात.”

आक्काबाईंनी चौकटीला हात टेकला.

“मंग वाजवा की सर लवकर,” त्या म्हणाल्या. “जीव जातो हितं माजा.”