पोपटीचे नातेवाईक

परसातल्या झुडपाची शास्त्रशुद्ध ओळख पटवून घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. (मी काही ठरवलं की माझी बायको इंद्रायणी आधी देवापुढे दिवा लावते.)

हे झुडूप न्हाणीच्या सांडपाण्यावर आपोआप उगवलेलं. मी त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. भाद्रपदातल्या एका रविवारी दाढीचं पाणी फेकायला गेलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. फांदीफांदीला कागदी कंदिलांसारखी बोंडं लटकत होती. एक सोललं, तर आत पिवळंधमक, मण्याएवढं फळ! ना डाग, ना ओरखडा. मी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात कारकून. आम्ही बाटलीला कापूस लावतो, पुठ्ठा लावतो, पेंढा भरतो, तरी एखादी फुटतेच. इथे देवाने एकेका फळाला वेगळं पाकीट दिलं होतं, वारा खेळेल इतकं सैल आणि पाणी शिरणार नाही इतकं बंद. माझे हात आपोआप जोडले गेले, साबणाच्या फेसासकट.

"पोपटी हाय ती," दूध घालायला आलेल्या अंबुबाई म्हणाल्या. "खावा की! आमी ल्हानपणापासनं खातोय."

आमच्या सासूबाई कौशल्याबाई चातुर्मासासाठी सासवडहून आल्या होत्या. माझी टेंपररी नोकरी कायम व्हावी म्हणून त्यांनी कडक नेम धरला होता. कांदा, लसूण, वांगं वर्ज्य आणि रात्री जेवणाऐवजी फक्त फळ. तेव्हा पिंपरीत फळ म्हणजे मी पुण्याहून आणीन ते केळं. (मी बहुधा विसरत असे.) परसातच फळ म्हटल्यावर त्यांना गहिवरून आलं. "देवालाच माझी काळजी," म्हणाल्या आणि रोज रात्री आधी देवाला नैवेद्य, मग स्वतःला वाटीभर पोपटी, असं सुरू झालं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण औषधाच्या कारखान्यातला माणूस मी! (पुठ्ठ्याच्या बाजूने का होईना.) विषारी निघाली तर? एक फांदी रुमालात गुंडाळून मी प्रयोगशाळेतल्या यशवंतरावांकडे गेलो. ते वनस्पतिशास्त्राचे एम.एस्सी. त्यांनी फळ कापून भिंगाखाली धरलं आणि मलाही दाखवलं. एवढ्याशा जिवात बियांची केवढी दाटी! माझा आ मिटेना.

"खुशाल खा," ते म्हणाले. "वांग्याच्या नात्यातलं आहे."

मी तरंगत घरी आलो आणि दारातूनच ओरडलो, "सासूबाई, विषारी नाही! वांग्याच्या नात्यातलं आहे!"

सासूबाईंचा हात वाटीत होता, तो तिथेच थांबला.

"कुणाच्या?"

"वांग्याच्या."

"म्हणजे इतके दिवस मी चातुर्मासात वांगं खातेय? आणि देवालाही घातलं?"

"अहो, तुम्हाला विचारलं होतं का कुणी?" इंद्रायणी कडाडली.

सासूबाईंनी वाटी दूर सारली. "नेम मोडला. आता तुमच्या नोकरीचं तुम्हीच बघा."

दसऱ्यानंतर कायम होणाऱ्यांची नावं लागणार होती आणि माझ्या कामाच्या भरवशावर तर मी कधीच नव्हतो. सगळी भिस्त सासूबाईंच्या नेमावर! सकाळी पुन्हा यशवंतरावांकडे धावलो.

"साहेब, पोपटीचं दुसरं एखादं नातं निघत नाही का?"

"अहो, मोठं खटलं आहे ते! टोमॅटो, मिरची, बटाटा, सगळे भाऊबंदच."

बटाटा! उपासाचा बटाटा! मी जिंकलो होतो. घरी येऊन चपलाही न काढता म्हणालो, "सासूबाई, बटाटाही वांग्याचाच भाऊबंद! तो उपासाला चालतो, मग पोपटीने काय घोडं मारलंय?"

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या.

"बटाटा पण? म्हणजे लग्न झाल्यापासूनच्या माझ्या सगळ्या एकादश्या..."

"आणि मिरचीसुद्धा!" मी उत्साहाने भर घातली. (इंद्रायणीने चिमटा काढला, पण उशीर झाला होता.)

सासूबाई डोळे मिटून देवापुढे बसल्या. चूल पेटली नाही. आम्ही दोघं दाराशी उभे. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"जावईबापू, तुमचे थोरले भाऊ मामलेदार ना?"

"हो."

"सख्खे?"

"सख्खे."

"एका आईच्या पोटचे, एका ताटात जेवलेले. मग तुम्हाला कुणी मामलेदार म्हणतं?"

"नाही."

"मामलेदार राहू द्या, साधे कायमसुद्धा झाला नाहीत. मग नात्यातली असली म्हणून पोपटी वांगं कशी होईल?" असं म्हणून त्यांनी वाटी ओढली, एक पोपटी सोलली आणि तोंडात टाकली.

मी थक्क झालो. आयुष्यभराच्या एकादश्या त्यांनी एका दमात सोडवून आणल्या होत्या. मी मनापासून त्यांच्या पाया पडलो. इंद्रायणीने चूल पेटवून बटाट्याची भाजी टाकली.

आता आळीतल्या कुणा बाईने पोपटीबद्दल शंका काढली, की सासूबाई वाद घालत नाहीत. पुरावा म्हणून मला बाहेर बोलावतात.