अण्णा छाप चपला

पहिल्या भेटीत माणसं हात पुढे करतात. राघोअण्णा पाय वर करायचे. खुर्चीत बसल्या बसल्या तळवा समोरच्याच्या नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, "बघ. पाय खोटं बोलत नाय." भेगा एवढ्या, की त्यांत भाताचा दाणा उभा राहिला असता.

पोशीरकडच्या ओढ्यावर पूल होईपर्यंत पायात वहाण घालणार नाही, अशी त्यांनी भरसभेत शपथ घेतली होती. त्या शपथेवर ते पंचायत समितीत निवडून गेले. पूल मात्र कागदावरून खाली उतरेना. अण्णा कुणाकडे गेले की दारात त्यांच्या पायांवर तांब्याने पाणी घातलं जाई, तरी घरभर चिखल उमटायचाच. तो पुसताना आमची आई जे बोलायची, ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

मी तेव्हा कर्जतला कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचो. एकदा अण्णा तणतणत आले. दहिवलीच्या नाक्यावर गोविंदा चपलावाल्याने टायरच्या सोलच्या चपला काढल्या होत्या आणि दुकानावर पाटी रंगवून घेतली होती. धोतराखाली दोन अनवाणी पाय, आणि त्याखाली अक्षरं: "पूल होईल तेव्हा होईल, तोवर अण्णा छाप घाला!"

"लिव नोटीस!" अण्णा गरजले. "माझ्या पायांची इज्जत घेतली त्यानं!"

मी टाइप केली. खोटं कशाला सांगू, टेबलाखाली माझ्या पायात अण्णा छापच होती.

गोविंदाचं उत्तर आलं: "पाटीवरचा अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याला घरात अण्णाच म्हणतात. बाकी पाय काय, सगळ्यांनाच असतात." अण्णांनी दुसरी नोटीस दिली, तिसरी दिली, मग थेट मंत्र्यांना अर्ज केला. त्याला उत्तर आलं नाही. पुलाच्या अर्जांनाही येत नसे, त्यामुळे त्याची अण्णांना सवय होती.

इकडे शेतकरी तुटलेले पट्टे घेऊन अण्णांच्याच ओटीवर येऊ लागले. "अण्णा, तुमच्या नावावर घेतली, आठ दिसांत तुटली. आता तुमीच काय ते बघा." पुढच्या निवडणुकीच्या सभेत अण्णांनी तळवा दाखवला, तर मागून कुणीतरी ओरडलं, "नंबर कितवा, अण्णा?" सभा हसली. मीही हसलो. आम्ही हसत हसत त्यांना पाडलं. त्या माणसाने आयुष्यात एकच शपथ घेतली होती आणि ती पाळली होती. तिचीच आम्ही मस्करी केली, आणि याची मला आजही लाज वाटते.

मग पूल झाला. उद्घाटनाला मंत्रीसाहेब चकचकीत बूट घालून आले, फीत कापली, लांबलचक भाषण केलं. त्यात अण्णांचं नाव नव्हतं.

अण्णा मागच्या रांगेत बसले होते. सकाळी उठून त्यांनी वज्रीने तळवे घासले होते. आमच्याकडे असली शपथ आपल्या हाताने सोडायची नसते. ज्यांच्यासाठी घेतली, त्यांच्यापैकी कुणीतरी येऊन पायात वहाणा घालायच्या. अण्णा त्या कुणाचीतरी वाट बघत होते. साहेबांची गाडी पुलावरून निघून गेली. मंडप उतरला, खुर्च्या टेंपोत चढल्या. कुणालाही आठवण झाली नाही. मलाही नाही, मी भज्यांच्या रांगेत होतो.

परत आलो तेव्हा अण्णा पुलाच्या कठड्यावर बसलेले आणि गोविंदा त्यांच्यासमोर उकिडवा. दुकानातला सगळ्यांत मोठा जोड त्याने आणला होता, पण तो बाजूला पडला होता. इतकी वर्षं मोकळे पसरलेले पाय त्यात मावेनात. म्हणून त्याने वर्तमानपत्र पसरलं, अण्णांचा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यावर ठेवला आणि पेन्सिलीने माप घेऊ लागला.

अण्णांनी झटकन पाय मागे घेतला.

"नको रं गोविंदा. चपला घातल्यावर मला वळखंल कोण?"

गोविंदाने पेन्सिल खाली ठेवली नाही. "मी वळखीन, अण्णा. ठेवा पाय."

अण्णांनी एकदा पुलाकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच पाय परत कागदावर ठेवला.