इस्माईलभाऊ मेन पाडतात

इस्माईलभाऊंचं संगणकांच्या वायरी जोडायचं काम संपलं की ते हात धुत नाहीत, चहा मागत नाहीत. सरळ भिंतीकडे जातात आणि खाडकन मेन स्विच पाडतात. मग ते ऑफिस असो, दुकान असो की कोणाचं घर. पंखे थांबतात, लोक ओरडतात. भाऊ कमरेवर हात ठेवून, डोळे मिटून वीसपर्यंत आकडे मोजतात, मेन वर करतात आणि म्हणतात, "आता पाहू, काय राह्यलं ते."

आमच्या अहेरीत लाइनचा काही भरवसा नाही. सागाची फांदी पडली, गेली. वारा सुटला, गेली. काहीच झालं नाही, तरी गेली. आम्ही सगळे वैतागतो. भाऊंनी मात्र त्याचं व्रत करून टाकलंय. "बाई, लाइन असताना तं सगळंच चालते. गेल्यावर जे वापस येते, तेच आपलं."

पुतणीच्या लग्नात, ऐन पंगतीत, जनरेटर उठतो का ते पाहायला त्यांनी मांडवाचा मेन पाडला होता. जनरेटर उठला नाही. नवरदेवाचे मामा उठले. भाऊ त्यांना शांतपणे म्हणाले, "आताच समजलं हे बरं झालं ना?"

मी इथल्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. मूळची चिमूरची, म्हणून तोंडाची तिखट, असं आमचे सचिव नानाजी म्हणतात. असेन बाप्पा. इस्माईलभाऊ आमच्याकडे आले ते माझ्याच पराक्रमामुळे. अभ्यासिकेत दहा संगणक, त्यावर दूरदूरच्या गावांतली मुलंमुली भरतीचे फॉर्म भरायला येतात. सगळ्या वायरी एका साध्या डब्यात खोचलेल्या. एक दिवस डब्यातून निघालेल्या एका वायरचं दुसरं टोक लोंबकळत होतं. बरं दिसत नाही म्हणून मी ते त्याच डब्यात खोचून दिलं. सगळ्या वाचनालयाचं नेट बंद पडलं! तीन दिवसांनी भाऊ आले, डब्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमी पेटीले तिचीच शेपूट तोंडात देऊन राह्यल्या."

मग नवी पेटी आली, सगळ्या संगणकांना नेट वाटणारी. तिला म्हणतात स्विच. स्विच म्हटलं की तुम्हाला दिव्याचं बटण आठवेल. हा तसा नव्हे. हा लोखंडी डबा, चोवीस भोकांचा, आणि त्याला अक्कल शिकवावी लागते. भाऊंनी खांद्यावर दुपट्टा टाकला, लॅपटॉपची वायर पेटीला जोडली आणि दिवसभर तिला शिकवत बसले. आधी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. मग तीन मोहल्ले पाडले: ऑफिस, सभागृह, अभ्यासिका. कोणाला नेटचा किती वाटा, तेही ठरवून दिलं. प्रत्येक भोकाला नाव दिलं, रिकामी भोकं बंद केली. "आणि एकच वायर दोन्हीकून खोचली तं ते दार हे आपलंआपण लावून घेईन. मी सांगून ठेवलं हिले, बाई असं करतात म्हणून."

"झालं?" मी विचारलं.

"कुठी झालं? सेव्ह कराचं राह्यलं." आणि मला समजावून सांगितलं, की ही पेटी सांगितलेलं लगेच ऐकते, पण ते पाटीवर लिहिल्यासारखं. लाइन गेली की पाटी पुसली. वहीत उतरवलं तेवढंच राहतं. भाऊंनी वहीत उतरवलं, आणि अर्थातच मेन पाडला.

तेव्हापासून "सेव्ह केलं का?" हा प्रश्न आमच्या मागे लागला. चिठ्ठी लिहिली, सेव्ह केलं का? लोणचं घातलं, सेव्ह केलं का? आणि दुसरे दोन शब्द म्हणजे "नाई होत." हे ते क्वचित म्हणतात, पण म्हटले की मग ब्रह्मदेव आला तरी होत नाही.

यंदा वनरक्षक भरतीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आला. अभ्यासिकेत सुनीता नावाची एक मुलगी यायची, एटापल्लीकडच्या गावातली. धावण्यात पक्की, उंचीत बसणारी. पण तिचं वय सरत होतं. ह्या वेळी फॉर्म राहिला की कायमचा राहिला. तीन दिवस ती त्या अडकणाऱ्या वेबसाइटशी झगडत होती.

आणि नेमक्या त्याच दिवशी नानाजींनी नव्या सभागृहाचं उद्घाटन ठेवलं! कोणी मोठे पाहुणे पडद्यावरून बोलणार होते. आदल्या दिवशी नानाजींनी भाऊंना बोलावलं. "उद्या अभ्यासिका बंद ठेवा. पाहुण्यांचं चित्र अडकलं तं माझी इज्जत जाईन."

"नाई होत," भाऊ म्हणाले. "दोघांलेही नेट पुरते. मी वाटणी करून ठेवली आहे."

"मी सचिव आहो इथचा!"

"आहा ना. मी कुठी नाई म्हणलो?"

नानाजींनी पासवर्ड मागितला. भाऊंनी तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. माझं डोकंच फिरलं. "भाऊ, काऊन दिला तुमी?"

"पेटी वाचनालयाची आहे, बाई. चावी द्यावीच लागते."

"मंग त्या पोरीचं काय?"

भाऊंनी टोपी सारखी केली. "उद्या येतो," एवढंच म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरहून बोलावलेला एक इंजिनिअर आला, कडक इस्त्रीचा. सभागृहात बसून त्याने लॅपटॉपवरून अभ्यासिकेची दहाही भोकं बंद केली. अकरा वाजता सगळे संगणक मुके. सुनीता फाइल छातीशी धरून माझ्या टेबलाशी आली. रडली नाही. "बाई, फोटोपर्यंत आलं होतं. पाच वाजता फॉर्म बंद होते."

मी तशीच उठून सभागृहात गेले. नानाजी माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "बाई, तुमाले नोकरी कराची आहे ना?"

"आजपर्यंत तं करून राह्यली," मी म्हटलं. नोकरीची भीती होती, खोटं कशाला सांगू? पण राग त्याहून मोठा होता.

तेवढ्यात इस्माईलभाऊ आत आले. धुतलेला सदरा, अत्तर लावलेलं, जणू उद्घाटन त्यांच्याच हस्ते होतं. इंजिनिअरजवळ जाऊन अगदी अदबीने विचारलं, "साहेब, सेव्ह केलं का?"

"गरज काय? कार्यक्रम झाला की परत उघडायचंच आहे."

भाऊंचा चेहरा असा उजळला म्हणता! ते भिंतीकडे निघाले. नानाजींना काय होणार ते उमगलं आणि ते खुर्ची पाडून उठले. "इस्माईल! हात लावशील तं या वाचनालयात पाय नाई ठेवू देणार!"

"नका ठेवू देऊ," भाऊ म्हणाले, आणि खाडकन!

नानाजी धावले. मी मध्ये उभी राहिले, दोन्ही हात पसरून. माझ्या पाठीमागे भाऊ सावकाश मोजत होते. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. मेन वर झाला. पेटी दोन-तीन मिनिटं लुकलुकली, पाटी कोरी झाली होती, तिने वही उघडली. अभ्यासिकेतून आवाज आला, "बाई, सुरू झालं!"

"परत बंद करा!" नानाजी इंजिनिअरवर ओरडले.

"करा ना," भाऊ म्हणाले. "मी परत पाडतो. पाच वाजेपर्यंत मले दुसरं कामच नाई."

इंजिनिअरने लॅपटॉपवरून हात काढून घेतला. तेवढ्यात पडद्यावर पाहुणे उगवले आणि नानाजींना भरल्या रागात हसून हात जोडावे लागले. पुढे सगळं सुरळीत झालं. तिकडे भाषण, इकडे फॉर्म. चित्र एकदाही अडकलं नाही. भाषणच तेवढं अडकत होतं.

इंजिनिअरच्या लॅपटॉपवर पेटीतल्या नावांची यादी तशीच उघडी होती. मी सहज वाचली. एक, ग्रंथपालबाई. दोन, सचिव. पुढे संगणकांचे नुसते आकडे. बाराव्या भोकापुढे मात्र लिहिलं होतं, शबाना. आमच्याकडे शबाना नावाचं कोणी नाही. बारावं भोक म्हणजे खिडकीजवळचा संगणक, तिथे सुनीता बसली होती.

"भाऊ, ही शबाना कोण?"

"माझी पोरगी. सावली गावाले दिली." त्यांनी यादीतल्या त्या नावावर बोट ठेवलं. "नर्सिंगचा फॉर्म होता तिचा. शेवटचा दिवस. मी एका ऑफिसात अशीच पेटी लावून राह्यलो होतो. तिचा फोन आला, अब्बा, लाइन गेली, भरलेलं सगळं गेलं. मी म्हणलो, थांब, काम संपवून येतो. आलो तं तारीख निघून गेली."

"मंग?"

"मंग काही नाई. एक शब्द बोलली नाई मले. बोलली असती तं बरं झालं असतं. आता शिवणकाम करते. फोनवर तब्येत विचारते, बस." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "म्हणून मी लावतो त्या हरेक पेटीत एक दार तिच्या नावाचं ठेवतो. कोणी केलं तरी ते बंद राहात नाई."

एवढे दिवस ह्या माणसाला मी हसत होते. मला माझीच लाज वाटली.

चारच्या सुमारास सुनीताने हात वर केला. भाऊ तिच्यामागे जाऊन उभे राहिले. "सेव्ह केलं का, बेटा?"

"हौ, काका. पावतीबी निघाली."

त्यांनी पावती दोनदा वाचली. मग तिला विचारून फोनने तिचा फोटो काढला. तीनदा हलला, चौथ्यांदा नीट आला. "शबानाले पाठवतो," मला म्हणाले. "पाहीन का नाई, माहीत नाई."

त्या दिवशी जाताना त्यांनी मेनला हात लावला नाही. गेलेच नाहीत. त्यांचा फोन इथल्याच नेटवर चालतो. म्हणून शबानाच्या उत्तराची वाट पाहत, वाचनालयाच्या बाकावर फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. सगळे गेले. बंद करायची वेळ उलटून गेली. नानाजी दारातून ओरडले, "बाई, कुलूप लावा आता!"

मी भाऊंकडे पाहिलं आणि म्हटलं, "नाई होत."