दोन छेद पाच

भांडी बाजारातल्या दीपकचा आवाज गिऱ्हाइकापुढे लोण्यासारखा मऊ असायचा. पण पाचवीतल्या मुलीला, वैष्णवीला, गणित शिकवायला बसला की तोच आवाज थेट गोदाकाठापर्यंत पोचायचा. "अगं, सोप्पंय!" पासून सुरुवात व्हायची आणि चहा गार व्हायच्या आत पोरगी रडवेली. शेवटी बायकोने, लताने, त्याच्या हातातून पुस्तकच काढून घेतलं.

"शाळेनं अ‍ॅपवर एआयचा मास्तर दिलाय ना, त्याच्याकडे शिकू दे तिला. तो चिडत नाही."

शिकवतो आणि चिडत नाही? हे काही दीपकला पटेना. त्या मास्तराला चिडवून दाखवायचंच, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात (हंडे-कळशांच्या आडोशाला) त्याने वैष्णवीच्या खात्यावरून अ‍ॅप उघडलं. बेत साधा होता: आधी एक बरोबर उत्तर द्यायचं, मग धडाधड चुकीची.

एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती? दीपकने ऐटीत लिहिलं, दोन छेद पाच.

"छान प्रयत्न, वैष्णवी. पुन्हा बघूया का?"

दीपक चाट पडला. हे तर त्याचं बरोबर उत्तर होतं!

त्याने हट्टाने पुन्हा तेच लिहिलं. वर "तुलाच येत नाही" असंही लिहिलं. मास्तर शांत. त्याने एका भाकरीचे सहा सारखे तुकडे करायला लावले. अर्धी भाकरी म्हणजे तीन तुकडे, तिसरा हिस्सा म्हणजे दोन; झाले पाच छेद सहा. दीपकने आनंदाने शेजारच्या हंड्यावर थाप मारली. लहानपणी हेच विचारलं तेव्हा गुरुजींनी डस्टर फेकून मारलं होतं, आणि त्यानंतर त्याने वर्गात कधी हात वर केला नव्हता. इथे तेच तेच विचारूनही कोणी हसलं नाही. त्याला अगदी भरून आलं. मग तो रोज दुपारी गुपचूप शिकायला बसू लागला.

थोड्याच दिवसांत शाळेतून बोलावणं आलं. आशा मॅडम गंभीर होत्या.

"वैष्णवीला शिष्यवृत्तीच्या तुकडीतून काढावं लागेल. अ‍ॅपवर बघा ना, अपूर्णांक एकदम कच्चे. वर उद्धटपणा, 'तुलाच येत नाही' म्हणे. आणि काल तर लिहिलंय, 'थांब, गिऱ्हाईक आलंय.'"

"मी नाही लिहिलं!" वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं. या तुकडीसाठी ती वर्षभर पहाटे उठत होती. दीपकने हळूच हात वर केला.

"मॅडम, तो कच्चा मी आहे."

मॅडमनी तिथल्या तिथे वैष्णवीला गणितं घातली. तिने ती पटापट सोडवली आणि तिची तुकडीतली जागा कायम राहिली. दीपकने हात जोडले.

"तुमचे लई उपकार झाले मॅडम, आणि त्या मोबाइलवाल्या मास्तरांचेपण. आता मी पोरीवर ओरडत नाही. न कळणं काय असतं, ते मला कळलं."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "तुम्हाला वेगळं खातं काढून देते. यत्ता कोणती टाकू?"

"पाचवी!" दीपकने छाती पुढे काढली.

वैष्णवी मॅडमच्या कानाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजली, "चौथी टाका मॅडम. पाचवीचं अडलं तर बाबा मला विचारतील, आणि मी त्यांच्यासारखीच ओरडते."