जांभळ्या डागांचे ब्लाउज

आनंदी झोपलीय, तोवर लिहून घेते.

मूल कसं वाढवायचं हे मला कुणी शिकवायची गरजच नव्हती! नारायण पेठेत माहेरी असतानाच मी बालसंगोपनाची दोन जाडजूड पुस्तकं पेन्सिलीनं खुणा करकरून संपवली होती. त्यामुळे सव्वा महिन्याच्या आनंदीच्या जिभेवर पांढरं दिसलं, तेव्हा मी ऐटीत जाहीर केलं, ते दूध आहे. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, बोटाला ओलं फडकं गुंडाळून पुसायला घेतलं. पांढरं काही जाईना. खाली लालभडक दिसू लागलं आणि आनंदीनं अख्खं वारजे गाव गोळा होईल असा सूर लावला.

आमचे डॉक्टर शब्द मोजून वापरतात. "पुसून जातं ते दूध. जात नाही ती बुरशी," म्हणाले आणि तोंडात लावायला जांभळं औषध दिलं. मग मला विचारलं, आईला काही त्रास?

खरं तर पाजताना छातीला मिरची वाटून लावल्यासारखी आग व्हायची. पण डॉक्टर आणि बाकावरचे पेशंट यांच्यामध्ये एकच पडदा, तोही तोकडा. मी म्हटलं, "छे, मी अगदी मजेत."

इकडे आत्याबाईंना ती बुरशी फार लागली. बुरशी शिळ्या भाकरीला येते, आपल्या घरातल्या लेकराच्या तोंडात कशी येईल, असं त्यांनी गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा विचारलं. मग सगळं उकळायला काढलं. वाटी-चमचा, दुपटी, खुळखुळा. नातीचे मुके आपणच घेतो हे आठवल्यावर स्वतःची कवळीसुद्धा! पातेल्यातून ती तव्यावर विसरलेल्या पापडासारखी वाकडी होऊन निघाली. तेव्हापासून त्या तोंडाला पदर लावून हिंडू लागल्या.

आठवड्यात आनंदीची जीभ स्वच्छ झाली. पुढच्या आठवड्यात परत पांढरी! आता ती दोन घोट घ्यायची, रडायची, तोंड फिरवायची. वजन वाढेना. आमचे हे, म्हणजे आत्याबाईंचे जयसिंग, दुधाची बाटली घेऊन आले आणि काही न बोलता फडताळात ठेवून गेले. अंगावरचं दूध आता सुटणार, या धास्तीनं मला जेवण जाईना.

एका दुपारी मी दात आवळून पाजत होते. आत्याबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आग होती न्हवं?"

मी आनंदीचं दुपटं सारखं केलं.

"जयसिंगाच्या येळी माजंबी आसंच. कुणाला बोल्ले न्हाई. दीड म्हैन्यात अंगावरचं सुटलं त्याचं." हातातली पाकळी त्या बराच वेळ सोलत राहिल्या. "ऊठ."

दवाखान्यात बाकावर सात-आठ माणसं. आत्याबाईंनी तोंडावरचा पदर काढला आणि बिनदातांच्या तोंडानं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, माझं सगळं दुखणं सांगून टाकलं. मी भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्यातली शेवटची ओळ वाचत बसले.

"बाळाकडून आईला, आईकडून बाळाला," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवडे तुमची देवाणघेवाण चाललीय. औषध दोघींना, एकाच वेळी." मग आत्याबाईंकडे वळून, "कवळी नवी करा. ती धुवायची असते, शिजवायची नसते."

चौथ्या दिवशी आनंदी पोटभर प्यायली. पिता पिता तिची आवळलेली मूठ सुटली आणि माझीही. तिची हनुवटी जांभळी, मी जांभळी, मुका घेऊन आत्याबाईंचे ओठ जांभळे!

एवढंच राहिलं होतं की काय, म्हणून दुसऱ्या दिवशी माझे ब्लाउज दोरीवर वाळत पडले. प्रत्येकाला दोन-दोन जांभळी वर्तुळं. ते डाग धुऊन जात नाहीत. ज्यांना दवाखान्यात ऐकू आलं नव्हतं, त्यांचीही सोय झाली.

संध्याकाळी शेजारच्या सोजरबाईंची सून दारात आली. कडेवर तान्हं, हातात वाटी. साखर हवी होती म्हणे. मी साखर दिली. ती जाईना. दोरीकडे बघत उभीच.

आत्याबाईंनी पाट सरकवला.

"साखर ऱ्हाऊ दे. बस हितं. कवापास्नं आग होती?"

ती बसली. बोलायला लागली, ती दिवेलागण होईपर्यंत. साखरेची वाटी आमच्याकडेच राहिली. तिला लागलेल्या मुंग्या मी आत्ता झटकून आले.